बिनतेलाच्या जेवणाची मोजणी

डॉक्टरांनी काचेची एक छोटी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "हे तुमचं रक्त."

खालचा लाल भाग ओळखू आला. पण त्याच्यावर बोटभर पांढरं साचलं होतं, तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरते तसं. मी पोट धरून कॉटवर वाकडा होऊन पडलो होतो, हाताला सलाईन होतं, तरी तोंडातनं निघालंच, "त्यात दूध कुणी ओतलं?"

"कुणी ओतलेलं नाही. तुमचंच आहे," डॉक्टर म्हणाले. "ही चरबी आहे."

पुढंमागं कुणाला हे शब्द ऐकायची वेळ आली तर गांगरून जाऊ नये, म्हणून सांगतो. रक्तात ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी असते. सगळ्यांच्याच असते. ती दीडशेच्या आत असावी लागते, माझी दोन हजारांच्या वर गेली होती. एवढी वाढली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागं दडलेला, अन्न पचवायचे रस तयार करणारा अवयव. त्या सुजेचं नाव अ‍ॅक्यूट पॅन्क्रिअटायटिस. डॉक्टर म्हणाले, "अन्न पचवायचा रस आतल्या आत त्या अवयवालाच पचवायला लागतो." मी विचारलं, "किती पचवलंय?" ते हसले नाहीत. "सीटी स्कॅन केल्यावर कळेल," म्हणाले.

मला प्रश्न विचारायची खोडच आहे. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीवाला. सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतोय. बांध कुठं सरकलाय, खूण कुणी उपटलीय, हे विचारल्याशिवाय आमचं काम पुढं जात नाही.

दुखणं सुरू झालं ते आदल्या दिवशी, उजनी धरणाच्या काठावरच्या एका गावात. दोन भावांच्या शेताची हद्द कायम करायची होती. मोजणीवाले आले की गावात जेवणाचा आग्रह ठरलेला असतो, आणि भांडणारे भाऊ असले की तो दुप्पट होतो. एकानं धरणातला चिलापी मासा तळून वाढला, दुसऱ्यानं मटण. कुणाचं मन मोडायचं? मी दोन्हीकडं जेवलो, आणि दोन्हीकडचा गोड चहा प्यालो. दुपारी तीनच्या सुमारास बेंबीच्या वर कळ आली आणि थेट पाठीत गेली. पित्त असेल म्हणून सोडा प्यालो. कळ वाढली. उताणं झोपलं की वाढायची, पुढं वाकून बसलं की जरा कमी व्हायची. ही खूण लक्षात ठेवा. उलट्या थांबेनात तेव्हा सहकाऱ्यांनी गाडीत घालून मला सोलापूरला आणलं.

रुग्णालयात प्रत्येकानं पहिला प्रश्न एकच विचारला, "दारू किती घेता?" परिचारिकेनं विचारलं, शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, सीटी स्कॅनच्या दारात बसलेल्या माणसानंही विचारलं. हा आजार दारूनं पुष्कळांना होतो, त्यामुळं त्यांची चूक नाही. पण शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याचे नातेवाईक माझ्याकडं बघून मान हलवायला लागले, तसा माझ्या बायकोचा, सुमनचा, पारा चढला. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझ्या मालकांनी आजपतूर बाटलीला हात लावला न्हाय. बोकडाला लावलाय, लपवू कशाला!" म्हाताऱ्याच्या नातेवाइकांनी माना दुसरीकडं वळवल्या.

चार दिवस तोंडात पाण्याचा थेंब नाही. सलाईन, रक्तातली चरबी उतरवायला इन्सुलिन आणि दर काही तासांनी रक्ताची तपासणी. अमायलेज आणि लायपेज ही पचनरसांची दोन नावं मी तिथं शिकलो, रोज त्यांचे आकडे विचारायचो आणि पाठ करायचो. पाचव्या दिवशी चमचाभर पाणी मिळालं, सहाव्या दिवशी भाताची पेज. पेज इतकी चवदार असते हे मला माहीत नव्हतं, आणि पेजेवरनं रडू येतं हेही माहीत नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "मांस, मासे, अंडी, दूध, तूप, तळण, साखर बंद. भाज्या, डाळी, कडधान्यं, भाकरी खायची. तेल नावाला. तुमचं शरीर रक्तातली चरबी नीट उचलू शकत नाही, हे बहुतेक जन्मापासूनचं आहे. गोळी मदत करेल, पण निम्मं काम ताटात होणार. पुन्हा असा झटका आला तर इतक्या स्वस्तात सुटालच असं नाही."

म्हणजे जीव जाऊ शकतो. ते तसं म्हणाले नाहीत, पण मला तेवढं कळतं.

आता अडचण अशी. आमचं घर केमला, करमाळा तालुक्यात. मुलगी लग्न होऊन गेलीय. सुमन गावात अंगणवाडी सेविका आहे, एकोणीस वर्षं. तिच्या हातची पहिली पोरं आता कॉलेजात जातात आणि अजून रस्त्यात तिला बघून सायकलवरनं उतरतात. मी आठवडाभर सोलापुरात कन्ना चौकाच्या मागं एका खोलीत राहतो, शनिवारी रेल्वेनं केमला जातो, सोमवारी सकाळी परत येतो. जेवण बाहेर. स्वतः करून का खात नाही, असं तुम्ही विचाराल. केलं. दोनदा कुकरची डाळ छतावर गेली, आणि खाली राहणाऱ्या मालकीणबाईंनी हात जोडून सांगितलं की भाडं वेळेवर द्या, स्वयंपाक नको.

सुमननं रुग्णालयातच निकाल दिला. "तीन म्हयनं देते. रिपोर्ट सुधारला तर बरं. न्हायतर मी अंगणवाडीचा राजीनामा देते आन सोलापुरात येऊन तुमाला करून घालते."

"अगं, एकोणीस वर्षांची नोकरी!"

"नोकरी परत न्हाय मिळायची, ठावं हाय. नवरा तरी परत कुटं मिळायचाय?"

हे ती हसत हसत बोलली, पण पिशवीच्या बंदाला तिनं पीळ घालून घालून त्याची दोरी केली होती. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की हिला ती अंगणवाडी सोडायला लावायची नाही. कन्ना चौकापासून पायी जाण्याच्या अंतरात मला झेपेल असं जेवण कुठं ना कुठं असणारच. ते शोधायचं. शोधणं हाच तर माझा धंदा आहे.

कामावर रुजू झालो त्याच दिवशी नवी वही केली. पहिल्या पानावर खोली मध्यभागी धरून नकाशा काढला, बोळ, चौक, सगळं. पुढच्या पानांवर रोज काय खाल्लं ते. खाण्याच्या प्रत्येक जागेला नंबर दिला, आणि तपासून झाली की हिरवी किंवा लाल खूण.

पहिली खूण लालच पडली. मोठ्या अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेलं हॉटेल होतं. मी मनात म्हटलं, चला, पहिल्या दिवशीच काम झालं. मेनूकार्ड वाचलं तर अर्धं पनीर, उरलेल्यात लोणी, मलई आणि काजू. वेटरला विचारलं, "दुधाचं काहीच नसलेलं काय आहे?" त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "पापड." तो तळलेला होता. शाकाहारी या शब्दावर मी आयुष्यभर आंधळा विश्वास ठेवला होता, हे त्या पापडानं दाखवलं.

मग चौकशीची चटक लागली. कुठंही शिरायचं, आधी स्वयंपाकघरात डोकावायचं, कढई बघायची. रश्श्यावर तर्री किती बोटं आहे ते बघायचं. एका मालकानं मला अन्न तपासणीचा अधिकारी समजून खुर्ची पुसून दिली. मी पेशंट आहे म्हटल्यावर खुर्ची तशीच राहिली, पण तो मोकळा झाला. म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? तर्री नसली तर गिऱ्हाईक वाटी परत पाठवतं." तो खोटं बोलत नव्हता. मी स्वतः अशा वाट्या परत पाठवल्या आहेत.

सात रस्ता चौकाजवळ एक नवीन कॅफे आहे, पोरापोरींचा. तिथं भांडंभर कच्च्या भाज्या, मोड आलेले मूग आणि राजगिऱ्याच्या लाह्या देतात. पाटीवर 'प्लांट बेस्ड' लिहिलेलं होतं. म्हणजे झाडापासून आलेलं तेवढंच, जनावराचं काही नाही. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "वरनं ओतता ते काय?" तिनं सरळ बाटली आणून माझ्या हातात दिली. मी चष्मा लावून सगळं वाचलं. पहिला शब्दच तेल. "हे नको, नुसतं लिंबू पिळाल?" "पिळते की काका," म्हणाली. खूण हिरवी. पण कन्ना चौकातनं ते लांब पडतं, आणि ज्वारीवर वाढलेल्या माणसाचं भाजीपाल्यानं दुपारी भागतं, संध्याकाळी भागत नाही.

सकाळची सोय आमच्याच बोळात निघाली. घरात तेलुगू बोलणाऱ्या एक मावशी दारापुढं इडल्या करतात. भांड्यावर ओलं फडकं ताणतात, त्यावर पीठ, वर झाकण. साचाच नाही, तेलाचं बोटही नाही! मी तिथं उकिडवा बसून तीन फेऱ्या बघितल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "काय, धंदा काढणार का तुमी?" त्यांनी ताटलीत खोबऱ्याची चटणी वाढली तेव्हा मी हात आडवा धरला. म्हटलं, "ती नको मावशी, खोबऱ्यात तेल असतं." माझी स्वतःची चटणी पिशवीत होती, घरची.

आणि मग नीलम्माक्कांची खानावळ सापडली. तीन टेबलं, भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो, कोपऱ्यात कडक भाकऱ्यांची उभी चवड. अक्का अक्कलकोटकडच्या, मराठी कानडीच्या चालीवर बोलतात. मी सगळी आजाराची कहाणी सांगितली, नळीतल्या रक्तासकट. त्यांनी तोंडावर पदर धरला. "अय्यय्यो! मग आधी नाही का यायचं? मटकी मी अगोदर शिजवून ठेवते की, फोडणी शेवटी. तुमची वाटी फोडणीच्या आधी काढून ठेवू? आमटीची पण?"

एवढं सोपं! महिनाभर मी ज्याच्यासाठी बोळ पालथे घालत होतो, ते एका वाटीवर झाकण ठेवण्याएवढं काम निघालं. ताटात ज्वारीची कडक भाकरी, बिनफोडणीची मटकी, कच्ची मेथी, मुळा, काकडी, कांदा. पहिला घास घेतला आणि थांबलो. मटकी मटकीसारखी लागत होती. पन्नाशी उलटली तरी मटकीची स्वतःची चव मला ठाऊक नव्हती, आजवर मी मसालाच खात आलो होतो. मेथी कडू लागते, पण चावत राहिलं की मागनं एक गोडी येते. मुळ्याचा पाला टाकायचा नसतो. या वयात असले शोध लागायला लागले आणि मला जेवणाची वेळ होण्याची वाट बघायची सवय जडली. अक्का मला मोजणीसाहेब म्हणायला लागल्या. वहीत मी त्यांच्यापुढं हिरवी खूण केली आणि तिला दोनदा गोल केलं.

दीड महिना झाला. वजन चार किलो उतरलं. मी रुबाबात तपासणीला गेलो.

आकडा घरी सोडताना चारशेऐंशी होता. तो झाला होता पाचशेदहा.

मी कागद उलटा करून पाहिला, नाव माझंच होतं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेता?" घेतो. "बाहेरचं खाणं?" मी वही पुढं टाकली, नकाशासकट. त्यांनी चाळली आणि भुवई वर केली. "वही तर उत्तम आहे. मग चरबी येते कुठून?" ते मलाच विचारत होते. मला इतका राग आला, की काय सांगू. कुणाचा ते कळेना. बिनफोडणीची मटकी खाऊन माणसाचं रक्त सायीचं राहत असेल, तर मग करायचं तरी काय?

सुमनला फोन केला. आकडा सांगितला. मागं पोरं कविता म्हणत होती. ती म्हणाली, "निम्मं दिस झालं. सुपरवायझर बाईंला अर्जाचं इचारून ठिवते."

"अजून दीड महिना आहे," मी ओरडलो.

"आवो, वरडू नका. पोटाला ताण बसंल."

डॉक्टरांनी मला आहारतज्ज्ञ मॅडमकडं पाठवलं. तरुण होत्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी वहीतलं एकूण एक पान वाचलं. मी समोर हाताची घडी घालून बसलो होतो, काढा म्हटलं चूक. शेवटी त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "एक सांगा. मी सोलापुरात नवीन आले, तेव्हा पहिल्या दिवशी ताटात भाजीच्या आधी शेंगाचटणी आली. तुम्ही नाही खात?"

"खातो की."

"मग लिहिली कुठंय?"

"चटणी कोण लिहितं मॅडम? ती काय जेवण आहे होय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेल किती असतं त्यात?"

इथं तर माझी बाजू भक्कम होती. मी खुर्चीत पुढं सरकलो. "वरनं थेंबसुद्धा नाही! आमची बायको उखळात कुटते. कुटता कुटता शेंगदाण्याचंच तेल सुटतं, बोटाला लागेपर्यंत. तीच तर खरी—"

आणि माझं मलाच ऐकू आलं.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या रक्ताला तेल शेंगेचं की बोकडाचं, ते कळत नाही. किती खाता, ते मोजा. मोजणी तर तुम्हाला येते."

सव्वीस वर्षं मी वितीवितीसाठी लोकांशी हुज्जत घातली आणि स्वतःच्या ताटातली चटणी चिमूटभर म्हणून सोडून दिली. पण हे माझ्या एकट्याचं नाही. आमच्याकडं कुणालाही विचारा, काय जेवलात? भाकरी-आमटी म्हणेल. चटणी होती का विचारलं तर तुमच्याकडं वेड्यासारखं बघेल. मीठ होतं का, असं कुणी विचारतं का? खोबऱ्याच्या चटणीला मी हात आडवा धरला होता, आणि त्याच बोळात उकिडवा बसून इडलीवर घरची चटणी मुठीनं पसरली होती. बिनफोडणीची मटकी एवढी गोड का लागत होती, तेही आता उमगलं; तिच्या जोडीलाही तीच चटणी असायची.

एकच गोष्ट अवघड होती. चटणीची बरणी सुमन भरायची. दर रविवारी, ताजी, माझ्या काळजीपोटी. बाहेरचं नीरस खावं लागतंय, निदान तोंडाला चव तरी राहावी, म्हणून आजारपणानंतर तिनं मोठी बरणी काढली होती. हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

शनिवारी रेल्वेत मी वाक्यं जुळवत गेलो. एकही जुळलं नाही. रविवारी सकाळी ती उखळापाशी बसली होती, शेंगदाणा-लसणाचा वास घरभर सुटला होता. मी रिकामी बरणी पुढं ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं.

मुसळ हवेतच थांबलं. "मंजी? ही चटणी?"

"व्हय."

"तुमाला कोण म्हनलं?"

"आहारवाल्या मॅडम. पण अजून मोजलेलं नाही. मोजल्याशिवाय मी मानत नाही."

ती उठली, हात पुसले, कुटलेली चटणी एका डब्यात भरली, बरणी माझ्या हातात दिली आणि खुंटीवरची किल्ली घेतली. "चला."

अंगणवाडी शाळेच्या कडेला एका खोलीत आहे. रविवारची ती रिकामी होती. खाली रंगीत चटया गुंडाळून ठेवलेल्या, भिंतीवर सुमननं स्वतः रंगवलेली वांगी आणि गाजरं, गाजराला डोळे काढलेले. खुंट्यांवर पोरांच्या नावाच्या एकवीस पिशव्या. मी इथं वर्षातनं एकदा झेंड्याला यायचो, तेव्हा खोली अशी बघितली नव्हती. हे सगळं ती माझ्या एका आकड्यासाठी सोडायला निघाली होती.

पोरांचं वजन करायचा काटा तुळईला टांगलेला होता. तिनं काट्याच्या पिशवीत आधी रिकामी बरणी ठेवली, मग डब्यातली चटणी तिच्यात भरून पुन्हा ठेवली. वाकून काटा वाचला. मला वाचू दिला. मधला फरक अर्धा किलो.

"सोमवारी नेता. संपती कवा?"

"शुक्रवारी."

"पाच दिस. रोजची शंभर ग्राम." तिनं काट्यावरचा हात काढलाच नाही. "निम्मं तेल असतंय शेंगदान्यात. आमाला शिकवलंय. कमी वजनाच्या पोरांना म्हनूनच तर लाडू देते मी. अंग धरावं म्हनून."

मग ती खालीच बसली, गुंडाळलेल्या चटईवर. "एकेका पोराच्या वाटीतलं ग्रामग्राम लिवते मी. एकोणीस वर्सं. आन घरच्या मानसाला माज्या हातानं..." तिनं पदर डोळ्यांना लावला. मी तिच्याशेजारी बसलो. मलाही रडू फुटलं, आणि मी ते आवरलं नाही. म्हटलं, "तू प्रेमानं भरलीस. हावऱ्यासारखी खाल्ली ती मी. शिवाय चोर सापडला की! आता तरी मला खात्रीनं माहीत आहे कुठली खूण लाल करायची ते."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि लगेच भांडायला लागली, "चमचा काय नव्हता का हो तुमाला? मुठीनं खातंय का कुनी?" तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पुढची बरणी सुमननं कोरड्या भाजलेल्या डाळ्याची केली, म्हणजे फुटाण्याच्या डाळीची. लसूण, जिरं, तिखट, मीठ. पहिली घशात अडकली. दुसरीला तिखट इतकं पडलं की अक्कांच्या खानावळीत मी दोन तांबे पाणी प्यालो. तिसरी जमली. अक्कांनी चाखली, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाल्या, "शेंगाचटणी नाही ती. पण भाकरीबरोबर भांडत नाही." बरणीत आता एक छोटा चमचा असतो, आणि वहीत रोज एक ओळ चटणीची असते.

एक गोष्ट नीट समजून घ्या. शेंगदाण्याशी माझं वैर नाही. धडधाकट माणसानं खुशाल खावी शेंगाचटणी, मला तिचा वास आला तरी मी बोळात क्षणभर थांबतो. माझा आजार वेगळा, माझं ताट वेगळं. तुमचं ताट तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण विचारायला जाल तेव्हा, जे तुमच्या घरी जेवणात धरलंच जात नाही ते आधी सांगा. चहाबरोबरची खारी, सायीचा चमचा, पोळीवरची तुपाची धार, लोणच्याचा खार. डॉक्टरांना आपलं ताट दिसत नसतं, आणि आपण मोठं मोठं तेवढं सांगून येतो. आणि खानावळीत तोंड उघडून मागा. लाजू नका. फोडणीच्या आधी वाटी काढून ठेवायला अक्कांना कधी जड गेलं नाही. आता त्या चार वाट्या काढतात, कारण चौकातल्या आणखी तिघांना डॉक्टरांनी तेल बंद केलंय आणि माझ्या वहीतल्या नकाशाचा त्यांनी फोटो काढून नेलाय.

तीन महिने पूर्ण झाले त्या दिवशी मी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन बाकावर बसलो. तिथल्या बाईंना म्हटलं, "नळी जरा बघू द्या की." त्यांना वाटलं मी चक्रम आहे, पण दाखवली. खाली लाल, वर नितळ पिवळसर पाणी. साय नव्हती. तरी कागद हातात येईपर्यंत मी फोन केला नाही.

एकशेबहात्तर. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडं खाली येऊ दे. पण आता रुळावर आहात. हेच चालू ठेवा." मी हात जोडून त्यांचे आभार मानले.

बाहेर येऊन सुमनला फोन लावला. पोरांच्या जेवणाची वेळ होती, ताटल्यांचा खणखणाट चालला होता. "थांबा, खिचडी वाढत्याय," ती म्हणाली, आणि मग लगेच, "किती?"

"एकशेबहात्तर."

पलीकडं ताटल्या वाजत राहिल्या. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग तिचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. "पोरांनो, टाळ्या वाजवा बरं सगळ्यांनी! जोरात!"

केमच्या एकवीस पोरांनी हातातले घास तसेच ठेवून टाळ्या वाजवल्या. कशाच्या, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या बाई त्यांच्याकडंच राहणार होत्या.